सॉफ्टवेअरचे पैसे कुठल्या साइटच्या नावावर टाकायचे?

वाचकांचे प्रश्न : बांधकाम आणि कॉम्प्युटर

प्रश्न मागवताना मला वाटलं होतं ड्रोन, रोबो, एआय असलं काहीबाही विचारतील, पण आली ती बहुतेक सगळी पत्रं पैशाची. किती घालायचे, कोणी घालायचे, आणि घातले ते गेले कुठे. पत्रं लांबलचक होती म्हणून कापून घेतलीत, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, आमची मध्यम आकाराची बांधकाम कंपनी आहे. एका सल्लागाराने प्रेझेंटेशन दिलं, त्यात म्हणाला बाकीचे धंदे टर्नओव्हरच्या तीन-साडेतीन टक्के आयटीवर घालतात आणि तुम्ही अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे तुम्ही मागास. खरंच एवढा खर्च करायला हवा का?
– एक डायरेक्टर

उत्तर : सल्लागाराचा आकडा खोटा नाहीये, पण तो तुम्हाला लावताना त्याने घाई केली. डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या २०१६-१७ च्या जगभरच्या सर्व्हेत सगळ्या धंद्यांची सरासरी टर्नओव्हरच्या ३.२८ टक्के आली होती, बँकांची ७.१६ आणि बांधकामाची १.५१, म्हणजे यादीत तळाशी. मॅकिन्सी या दुसऱ्या सल्लागार कंपनीने २०१७ मध्ये वेगळ्या बाजूने मोजलं, आधीच्या वीसेक वर्षांत बांधकामात कामगारामागची उत्पादकता वर्षाला जेमतेम १ टक्क्याने वाढली आणि कारखान्यांमध्ये ३.६ टक्क्यांनी. हे दोन आकडे एका स्लाइडवर आले की कुणालाही वाटणार, बघा, खर्च करत नाहीत म्हणून मागे पडलेत. पण कारखान्यात एकच वस्तू लाख वेळा बनते, इथे प्रत्येक वेळी जमीन नवी, ड्रॉइंग नवं, ठेकेदार नवे आणि स्लॅब-प्लास्टर उरकलं की सगळी टीम पांगते, तिथे नुसतं सॉफ्टवेअर आणून काय होणार.

आता टक्क्याचं बघू. तुमचा टर्नओव्हर शंभर धरा. त्यातले सत्तरेक सिमेंट, स्टील आणि सबकाँट्रॅक्टरच्या बिलांमध्ये तुमच्या हातून नुसते पुढे जातात, तुमचं स्वतःचं काम उरलेल्या तिसाचं. त्या तिसावर तुमचा अर्धा काढला तर दीड-पावणेदोन टक्के होतात, मग चित्र तेवढं भयाण दिसत नाही. दुसरं म्हणजे तुमचा नफा समजा तीन-चार टक्के असेल तर साडेतीन टक्के आयटीवर घाला सांगणारा माणूस तुम्हाला सगळा नफाच घाला सांगतोय, त्याच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे. बँकेचा मालच मुळात आकडे, ती सात टक्के घालणारच, तिची आणि आपली बरोबरी कशाला.

आणि तुमचा अर्धा टक्कासुद्धा खरा नसणार. साइटवरचे लॅपटॉप साइट ओव्हरहेडमध्ये, प्लॉटर स्टेशनरीमध्ये, टोटल स्टेशन, म्हणजे सर्व्हेचं मोजणी यंत्र, मशिनरीमध्ये, डिझाइनवाल्यांचं सॉफ्टवेअर त्यांच्या फीमध्ये, आणि सगळा खरा कारभार चालतो तो पोरांच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर, तो तर कुठेच नाही. आधी हे सगळं एका कागदावर आणा.

त्यानंतर अकाउंट्सला सांगून एक नवा कोड उघडा, तोडफोडीचा. चुकीच्या ड्रॉइंगवर केलेलं काम तोडून परत केलं, माल दोनदा मागवला, कोणी तरी ‘ओके’ म्हणेल म्हणून सेंट्रिंगवाल्यांची गँग बसून राहिली, हे सगळं आज तुमच्याकडे मजुरी आणि मटेरियलमध्ये विरघळून जातं, दिसतच नाही. तीन-चार महिने हा कोड नीट भरून घ्या. त्यातला माहितीच्या गोंधळामुळे झालेला भाग किती ते कळलं की आयटीवर किती घालायचं त्याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या वहीत असेल, सल्लागाराच्या स्लाइडवर बघायला नको.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक साइटचा नफातोटा वेगळा. एका प्रोजेक्ट मॅनेजरने हौसेने ड्रॉइंग आणि क्वालिटी चेकलिस्टचं सॉफ्टवेअर घेतलं, लायसन्स, ट्रेनिंग, टॅब सगळं त्याच्या साइटवर पडलं आणि त्याचा बोनस गेला. पुढच्या दोन साइट्सनी तेच आयतं वापरलं. आता पहिलं व्हायला कोणी तयार नाही. त्यात ऑडिटर म्हणतात हा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येणार नाही.
– एक अकाउंट्स मॅनेजर

उत्तर : सगळ्या पत्रांमध्ये मला हे पत्र सगळ्यात आवडलं, कारण या धंद्यात आयटी का रखडतं त्याचं निम्मं उत्तर तुमच्या लेजरमध्येच आहे. साइट दोन-तीन वर्षांत संपते, सॉफ्टवेअर अंगवळणी पडायलाच वर्ष जातं. म्हणजे जो पैसे देतो त्याची साइट फायदा दिसायच्या आत हँडओव्हर होते. त्या बिचाऱ्या पीएमने हात आखडता घेतला तर त्याचं काय चुकलं.

उपाय तुम्हाला माहीत आहे, फक्त इथे लावलेला नाही. टॉवर क्रेन तुम्ही कुठल्या साइटच्या माथी मारता का? नाही ना, कंपनी घेते आणि साइटला महिन्याचं भाडं लावते. तसंच करा. खरेदी हेड ऑफिसची, साइटला वापराप्रमाणे महिन्याचा दर, पहिल्या साइटला दर कमी, कारण ती सगळ्यांसाठी पहिली ठेच खातेय. ट्रेनिंगचा खर्च मात्र साइटवर अजिबात टाकू नका, तो टाकला की पीएम पहिल्यांदा ट्रेनिंगच रद्द करतो, आणि ट्रेनिंग न झालेलं सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं भाडं.

ऑडिटरचं बरोबर आहे. पूर्वी लायसन्स विकत घेतलं की ते आपलं असायचं. आता बहुतेक सगळं वर्गणीवर आलंय, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कने तर २०१६ मध्येच नवीन कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर तुमच्या ताब्यात नसतं, त्यामुळे ते बसवून घेण्याचा खर्चसुद्धा बहुतेक वेळा त्याच वर्षीच्या खर्चात जातो, आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकांच्या समितीने २०२१ मध्ये तसं स्पष्टच केलंय. तुम्हाला कुठला नियम लागू ते ऑडिटर सांगतील, पण वाद घालण्यात वेळ घालवू नका, बजेटच तसं धरा.

वर्गणीची अजून एक मेख. साइट बंद झाली, वर्गणी बंद केली, आणि दोन वर्षांनी डिफेक्ट लायबिलिटीमध्ये, म्हणजे दोष दुरुस्तीची जबाबदारी आपल्यावर असते त्या काळात, गच्ची गळायला लागली, तेव्हा वॉटरप्रूफिंगची चेकलिस्ट कुठाय? त्या बंद लॉगिनच्या आत. म्हणून करार करतानाच लिहून घ्या की काम संपल्यावर सगळे रेकॉर्ड पीडीएफ आणि एक्सेलमध्ये, फोटोंसकट, बाहेर काढून मिळतील, आणि एकदा खरंच काढून बघा.

लायसन्स माणशी आहे का तेही बघा. माणशी असलं की साइटवर काय होतं तुम्हाला ठाऊक आहे, एक लॉगिन आणि पाच जण. मग तपासणी कोणी केली या रकान्यात कायम त्या एकाच इंजिनीअरचं नाव, तो रजेवर असला तरी. सॉफ्टवेअर विकणाऱ्या काही कंपन्या, प्रोकोअर त्यातली एक, माणसं न मोजता वर्षाला किती बांधकाम करता त्यावर पैसे घेतात. ते स्वस्तच पडेल असं नाही, पण सबकाँट्रॅक्टरच्या माणसांनाही लॉगिन देता येतं आणि नाव खरं लागतं.

प्रश्न : मी साइट इंजिनीअर आहे. कंपनीने डेली रिपोर्टचं अ‍ॅप आणलं. तेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, तेच एक्सेलमध्ये क्लायंटला, आणि रजिस्टर आहेच. रात्री नऊ-दहा वाजता रूमवर बसून अ‍ॅप भरतो. सीनियर म्हणतात पोरं डिजिटल व्हायला तयार नाहीत. आम्ही तयार आहोत हो, पण झोपायचं कधी?
– एक ज्युनिअर

उत्तर : तुमच्या सीनियरना हे पान दाखवा, नाव छापलेलं नाहीये.

स्लॅबच्या काँक्रीटचा दिवस घेऊ. सकाळी पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सह्या, शटरिंग चेक, स्टील चेक, इलेक्ट्रिकल पाइप चेक. मग ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीटच्या गाड्या, यायला लागतात, प्रत्येकाचं चलन, निघाल्याची वेळ, आल्याची वेळ, स्लंप म्हणजे काँक्रीट किती पातळ ते, ताकद तपासायचे क्यूब कुठल्या गाडीतून घेतले. हे सगळं तुम्ही उन्हात एका हातात पॅड धरून पेनने लिहिता, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही व्हायब्रेटरवाल्याला ओरडत असता. संध्याकाळी तेच बॅचिंग प्लँटवाला त्याच्या कॉम्प्युटरमधून बिलाला जोडून पाठवतो, म्हणजे ती माहिती आधीच डिजिटल होती! आणि तुम्ही ती कागदावरून रात्री परत अ‍ॅपमध्ये टाइप करता, दमलेल्या डोळ्यांनी, मग आठाचे तीन होतात, आणि महिनाअखेरीला रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आलेल्या आणि लागलेल्या मालाचा मेळ घालताना, काँक्रीट कमी का पडलं म्हणून तुम्हालाच विचारतात.

यात तुम्ही जुनाट वगैरे काही नाही. अ‍ॅप आणणाऱ्याने हेड ऑफिसच्या डॅशबोर्डपासून सुरुवात केली आणि उलटा येत येत तुमच्यापर्यंत पोचला. डॅशबोर्डला चाळीस आकडे हवेत म्हणून तुम्हाला चाळीस रकाने. त्यातले किती तुम्हाला परत उपयोगी पडतात? बहुधा एकही नाही. टाइप करणारा एक आणि फायदा घेणारा दुसरा असं जिथे असतं तिथे दोन-तीन आठवड्यांत कालचंच आजवर कॉपी होतं, हवामान ‘साफ’, मजूर ‘४२’, रोज ४२. मग त्या डॅशबोर्डवर रंगीत खोटं दिसतं आणि त्यावर मीटिंग होतात.

याउलट एक बघा. ड्रॉइंगची ताजी रिव्हिजन मोबाइलवर मिळायला लागली की ती वापरा म्हणून कोणालाही सांगावं लागत नाही. स्टील यार्डातला फिटर, जो अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडत असतो, तोच बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापायचा-वाकवायचा तक्ता, फोनवर झूम करून बघतो, कारण त्याला कळतं की कागदावरची रिव्हिजन जुनी असली तर कापलेलं स्टील त्याच्याच गळ्यात. तिथे बघणारा आणि फायदा घेणारा एकच आहे.

मागायचं काय तर दोन गोष्टी. कुठलाही आकडा एकदाच लिहिला जाईल, जिथे घडतो तिथे, आणि बाकीच्यांनी तो तिथून उचलायचा, चलनाचा डेटा प्लँटकडून थेट घ्यायचा. आणि अ‍ॅप सुरू होण्याची तारीख ठरवता तशी रजिस्टर आणि एक्सेल बंद करायची तारीखही लेखी ठरवायची, क्लायंटची सही घेऊन. ही दुसरी तारीख द्यायला मॅनेजमेंट घाबरते, कारण अ‍ॅपवर त्यांचाच भरवसा नसतो. मग तुम्ही का ठेवावा?

प्रश्न : मी प्लंबिंग आणि फायर पाइपिंगची कामं घेतो, छोटा ठेकेदार आहे. एक मेन काँट्रॅक्टर म्हणतो आमचं पोर्टल वापरा, दुसरा म्हणतो बिम मॉडेल, म्हणजे सगळ्या माहितीसकट थ्रीडी मॉडेल, द्या. ड्राफ्ट्समन ठेवला, लायसन्स घेतलं, कॉम्प्युटरही तगडा घ्यावा लागला. रेट मात्र जुनेच.
– एक सबकाँट्रॅक्टर

उत्तर : रेट जुनेच राहणार, कारण तुम्ही हा खर्च रनिंग फुटाच्या रेटमध्ये लपवून टाकलाय. तो वेगळा काढा. कोटेशनमध्ये ‘मॉडेलिंग आणि को-ऑर्डिनेशन’ अशी स्वतंत्र आयटम घाला, किती मजल्यांचं, किती बारकाव्याचं आणि किती वेळा सुधारून द्यायचं ते लिहून. चौथ्यांदा आर्किटेक्टने टॉयलेट सरकवलं तर त्याचे पैसे वेगळे. भांडतील, कापतील, पण आयटम दिसायला हवी, नाहीतर हे काम फुकटात होतं अशी सगळ्यांची समजूत पक्की होते.

आणि फायदा कोणाचा होतो ते त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. तुमचा सहा इंची पाइप बीमला कुठे छेदतो हे मॉडेलमध्ये आधी कळलं तर काँक्रीट ओतायच्या आत स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला मोकळी नळी, बसते. नाही कळलं तर तयार काँक्रीटला भोक पाडायचं कोअर कटिंग, स्ट्रक्चरल कन्सल्टंटची परवानगी, स्कॅनिंग करून स्टील शोधा, आणि तोवर फॉल्स सीलिंगवाला थांबलेला. तो थांबल्याचे पैसे मेन काँट्रॅक्टर भरतो, तुम्ही नाही. तेव्हा त्याने तुमच्या ड्राफ्ट्समनच्या पगारात वाटा उचलणं काही उपकार नाहीत.

पोर्टलची फी तुम्ही द्यायची नाही, तो त्यांचा हट्ट, लॉगिन त्यांनी द्यावं. मॉडेलसाठी ते सांगतील तेच सॉफ्टवेअर घ्यायला लगेच तयार होऊ नका, आयएफसी चालेल का विचारा. कुठल्याही एका कंपनीचा नसलेला हा फाइलचा प्रकार २०१३ पासून आयएसओ १६७३९ म्हणून मान्य आहे. आयएफसीमध्ये दिलेलं मॉडेल त्यांना तपासता येतं, क्लॅश, म्हणजे कोणाचं काम कोणाला धडकतं ते, बघता येतो, फक्त त्यात बदल करणं कटकटीचं असतं, आणि तुमच्या मॉडेलमध्ये त्यांनी बदल करावेत अशी तुमचीही इच्छा नसणार.

प्रश्न : आम्ही हॉस्पिटलची इमारत बांधून घेतली. बिमसाठी जादा पैसे मोजले. शेवटी एक हार्ड डिस्क हातात दिली. आमच्या मेंटेनन्सच्या माणसांपैकी कोणाला ती उघडतासुद्धा येत नाही. आम्ही फसलो का?
– मालक पक्षाचे एक इंजिनीअर

उत्तर : फसला नाहीत, मागताना अर्धवट मागितलंत, आणि समोरच्याने अर्धवट मागणीला पूर्ण बिल लावलं.

तुम्ही मालक आहात म्हणून एक आकडा तुमच्यासाठी. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २००४ मध्ये एक अभ्यास छापला. मोठ्या व्यापारी, संस्थात्मक आणि औद्योगिक इमारतींमध्ये एकाच्या सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्याला न चालल्यामुळे, परत टाइप करण्यात, शोधण्यात, तपासण्यात २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलर वाया गेले असा त्यांचा अंदाज. आता हे कोणाचे गेले बघा. आर्किटेक्ट-इंजिनीअरांचे १.२ अब्ज, मुख्य काँट्रॅक्टरांचे १.८, खास काम करणाऱ्या आणि माल पुरवणाऱ्यांचे २.२, आणि उरलेले १०.६ अब्ज मालकांचे आणि इमारत चालवणाऱ्यांचे. दोन तृतीयांश! ज्याचा तोटा सगळ्यात मोठा तोच सॉफ्टवेअर निवडताना टेबलावर नसतो. अभ्यास जुना आहे, आकडे आज वेगळे येतील, वाटणी फार बदलली असेल असं मला वाटत नाही.

ब्रिटिश सरकारला हे लवकर कळलं, कारण ते स्वतःच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी २०११ मध्ये जाहीर केलं आणि एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या पैशाच्या कामांना बिम सक्तीचं केलं. त्यांच्याकडच्या मानकांवरूनच पुढे २०१८ मध्ये आयएसओ १९६५० चे पहिले दोन भाग आले. त्यात सुरुवातच मालकापासून आहे, तुला कुठली माहिती हवी, कशासाठी हवी, कधी हवी, ते आधी लिही, मग बाकीचे कामाला लागतील. ‘बिम हवं’ एवढंच टेंडरमध्ये लिहिलं की सुंदर चित्र मिळतं.

तुमच्या मेंटेनन्सवाल्याला चित्र नकोय. रात्री तीन वाजता पाणी गळायला लागलं तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तो कुठल्या पॅनेलच्या मागे आहे, एवढं त्याला हवंय. पंपाचा मेक, सिरियल नंबर, वॉरंटी कधी संपते, स्पेअर कोणाकडे मिळतो, फिल्टर किती दिवसांनी बदलायचा. हा सगळा साधा तक्ता आहे, एक्सेलमध्ये मावतो. हँडओव्हर अजून ताजं असेल आणि रिटेन्शनचे, म्हणजे ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेले, पैसे तुमच्याकडे अडकलेले असतील तर आत्ताच हा तक्ता मागा, त्या हार्ड डिस्कमधल्या मॉडेलमधून बराचसा निघू शकतो. रिटेन्शन सोडून बसला असाल तर तुमच्या दोन माणसांना महिनाभर इमारतीत फिरवून तो बनवून घ्या, नवीन सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : मी प्लॅनिंगमध्ये आहे. महागडं लायसन्स घेतलंय, पण शेड्यूल फक्त टेंडरच्या वेळी आणि उशीर झाल्यावर क्लेम करताना उघडतं.
– एक प्लॅनर

उत्तर : गंमत म्हणजे या बाबतीत आपण कधी मागे नव्हतोच. क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे कुठलं काम रखडलं तर सगळंच रखडेल ते काढायची पद्धत, १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडने कॉम्प्युटरवर काढली ती रासायनिक प्लँटच्या बांधकामासाठी आणि देखभालीसाठी. प्रायमाव्हेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर १९८३ पासून आहे, २००८ मध्ये ओरॅकलने घेतलं. हत्यार जुनं आणि चांगलं आहे. पण सहा हजार अ‍ॅक्टिव्हिटीचा बार चार्ट फोरमनला दाखवून काय करणार. त्याला पुढच्या तीन आठवड्यांचं एक पान द्या, त्यात फक्त त्याची कामं आणि प्रत्येक कामापुढे काय अडलंय ते, ड्रॉइंग, माल, माणसं की परवानगी. दर सोमवारी तेच पान घेऊन विचारा काय झालं, काय नाही आणि का नाही. याला वेगळा पैसा लागत नाही, प्लॅनरने एसी केबिनमधून बाहेर यावं लागतं फक्त.

प्रश्न : तंत्रज्ञानात भरपूर भांडवल ओतलं तर हा धंदा बदलेल की नाही?
– एक विद्यार्थी

उत्तर : केटेरा नावाच्या अमेरिकन कंपनीने तेच केलं होतं. २०१५ मध्ये निघाली, सॉफ्टबँकेसकट गुंतवणूकदारांकडून दोन अब्ज डॉलरच्या आसपास उभे केले, डिझाइन, कारखाना, सॉफ्टवेअर, साइट सगळं एकाच छपराखाली आणायचं म्हणाली, आणि जून २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. धंदा बदलेल, पण ज्या वेगाने माणसं शिकतात त्या वेगाने, भांडवलाच्या वेगाने नाही.

प्रश्न : ड्रोन घ्यावा का?
– एक सर्व्हेयर

उत्तर : मातीकाम आणि मालाचे ढीग मोजायला उत्तम, जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे नेमकी जागा माहीत असलेल्या खुणा, नीट मारले तर. आधी भाड्याने उडवून घ्या, उडवायच्या परवानगीचे नियम बघून. इमारतीच्या आतल्या कामाला त्याचा उपयोग फोटोपुरता.

प्रश्न : सुरक्षेवर खर्च मागितला की आमचे साहेब म्हणतात, आपण वीट-वाळूवाले, आपल्याला कोण हॅक करणार?
– कंपनीतला एकुलता एक आयटीवाला

उत्तर : फ्रान्सच्या बुइग काँस्ट्रक्शनवर जानेवारी २०२० च्या शेवटी रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि त्यांना सिस्टिम बंद ठेवाव्या लागल्या. ती जगातल्या बड्या काँट्रॅक्टरांपैकी एक आहे, त्यांच्याकडे तुमच्यासारखा एकुलता एक आयटीवाला नक्कीच नव्हता. पण साहेबांना हे सांगून उपयोग नाही, ते म्हणतील आपण कुठे एवढे मोठे.

त्यांना बिलाचं उदाहरण द्या. बांधकामात मोठ्या रकमा, नवे नवे सप्लायर, आणि सगळं ईमेलवर. कोणी तरी तुमच्या स्टील सप्लायरच्या मेलबॉक्समध्ये शिरतो, शांतपणे वाचत बसतो, आणि बरोबर पेमेंटच्या आदल्या दिवशी त्याच थ्रेडमध्ये मेल येतो, आमचं बँक खातं बदललंय, नवीन नंबर जोडलाय. भाषा तीच, सही तीच, इनव्हॉइस तेच. अकाउंट्सचा मुलगा पैसे सोडतो. दोन आठवड्यांनी सप्लायरचा फोन, पेमेंट कुठाय? त्यात हॅकिंगसारखं काही दिसतच नाही, एक ओळ वाचली आणि पैसे गेले.

हे थांबवायला पहिल्या पायरीला पैसेच लागत नाहीत. खातं बदलल्याचा मेल आला की मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, आणि खातं बदलायला दोघांच्या सह्या. दुसरी पायरी, मेलला पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोड लावा, सगळ्यांना, साहेबांनाही, तेच सगळ्यात जास्त कुरकुर करतील. तिसरी, बॅकअप, आणि त्याची एक कॉपी नेटवर्कपासून तोडून ठेवलेली. आणि साइट संपल्यावर सोडून गेलेल्या माणसांची, सबकाँट्रॅक्टरांची लॉगिन बंद करा. पांगलेल्या टीमची उघडी लॉगिन हा आपल्या धंद्याचा खास रोग आहे, यादी काढलीत तर दचकाल.

प्रश्न : मापं आता टॅबवर घेतो. मेजरमेंट बुक बंद करू का?
– एक बिलिंग इंजिनीअर

उत्तर : तुमच्या करारात मेजरमेंट बुकचा शब्द असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका, उद्या लवादात तेच पुस्तक मागतील. क्लायंटकडून टॅबवरचं माप आणि डिजिटल सही चालेल असं पत्र घ्या, कराराची दुरुस्ती म्हणून. ते येईपर्यंत टॅबवरचं माप छापून बुकात चिकटवायचं आणि दोन्ही बाजूंची सही त्याच दिवशी साइटवरच घ्यायची. बिलाच्या दिवशी सह्या गोळा करत फिरू नका, झाकलेल्या कामाचं माप तेव्हा कोणी मान्य करत नाही.